भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत

भाड्याच्या घरात राहिलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मालक चावी हातात ठेवतो, लाइटचं मीटर दाखवतो आणि मग दारात चपला घालता घालता सांगतो की बाकी काय करायचं ते करा, फक्त भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. मग आपण कॅलेंडर खिडकीच्या गजाला अडकवतो आणि आजोबांचा फोटो कपाटावर टेकवून ठेवतो. मला हे वाक्य बऱ्याच वर्षांनी परत आठवलं ते शिकागोत, आमच्या ऑफिसच्या लॉबीत, आणि गंमत म्हणजे तेव्हा मी भाडेकरूच्या नाही, मालकाच्या बाजूने उभी होते.

झालं असं की आमच्या ऑफिसात एक डायव्हर्सिटी कमिटी होती. मी तिच्यात कशी गेले तर कोणीतरी भारतीय हवं होतं आणि त्या मीटिंगला नेमकी मी हजर होते, बाकी काही कर्तृत्व नाही. जानेवारी संपत आला की अमेरिकेतल्या सगळ्या ऑफिसांना एकदम ब्लॅक हिस्टरी मंथ, म्हणजे ब्लॅक अमेरिकनांच्या इतिहासाचा महिना, आठवतो. (मुळात १९२६ मध्ये कार्टर वुडसन नावाच्या इतिहासकाराने फेब्रुवारीतला एक आठवडा सुरू केला होता, त्याचा महिना झाला १९७६ मध्ये, आणि ऑफिसांच्या हातात पडल्यावर त्याचे कपकेक झाले.) तर ठरलं की लॉबीत इथल्या ब्लॅक आर्टिस्टांचं प्रदर्शन लावायचं, चार आठवडे, आणि आर्टिस्ट शोधायचं काम माझ्या गळ्यात.

मी शोधलं. साउथ साइडला, म्हणजे शिकागोच्या दक्षिणेकडच्या ब्लॅक वस्तीच्या भागात, राहणाऱ्या एक बाई सापडल्या, साठीच्या पुढच्या, लिनोकट करणाऱ्या, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा. त्यांची एक छापचित्रांची मालिका बघून मी दहा मिनिटं स्क्रीनसमोर नुसती बसून होते, बस स्टॉपवर उभ्या असलेल्या बायका, हातात पिशव्या, पाठमोऱ्या, आणि तरी प्रत्येक पाठ वेगळी. मी त्यांना एकदम गोड ईमेल लिहिलं. आमची लॉबी खूप सुंदर आहे, रोज शेकडो लोक येतात जातात, तुमचं काम लोकांपर्यंत पोचेल वगैरे. पैशांचा उल्लेख नव्हता कारण पैसे नव्हते, बजेटमध्ये कपकेक होते आणि एक फोटोग्राफर होता जो आमचे फोटो काढणार होता.

त्यांचं उत्तर आलं चार ओळींचं. माझी फी एवढी आहे. फ्रेम आणण्या-नेण्याचा खर्च आणि विमा कोणाचा? चित्रं कुठल्या भिंतीवर लागणार? आणि चौथी ओळ, ३८३१ साउथ मिशिगन अव्हेन्यू, इथे एकदा जा, भिंती बघ आणि मग मला लिही.

मी ते घेऊन आमच्या बिल्डिंग मॅनेजमेंटकडे गेले. तो माणूस भला आहे, वाईट नाही, पण त्याने लगेच सांगितलं की लॉबीच्या भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, पाहिजे तर इझल ठेवा, पण इमर्जन्सीच्या दाराजवळ नको आणि रिसेप्शनच्या समोर नको आणि लिफ्टजवळ गर्दी होते. राहिलं काय तर झाडाच्या कुंडीमागचा कोपरा. विमा म्हटल्यावर कमिटीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी लॉबीत कोणीतरी इंटरनेटवरून छापून आणलेली पोस्टरं लागली, कपकेक खाल्ले, फोटोग्राफरने आमचे फोटो काढले. मी त्या फोटोत हसतेय. तो फोटो अजून कुठेतरी सर्व्हरवर असेल, बघायची इच्छा नाही.

तर मी गेले. ग्रीन लाइन पकडली, ब्रॉन्झव्हिलला उतरले आणि चालत ३८३१ ला. हे साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर. बाहेरून बघितलं तर जुनं तीन मजली घर, एका धान्याच्या व्यापाऱ्याने १८९० च्या दशकात स्वतःसाठी बांधलेलं. आत गेलं की खालच्याच मजल्यावर गॅलरी आहे, भिंतींना लाकडी फळ्या लावलेल्या, आणि जवळ जाऊन बघितलं की कळतं त्या फळ्या भोकांनी भरलेल्या आहेत. म्हणजे दहा-वीस नाही हो. हजारो. कुठे बारीक, कुठे जाड खिळ्याचं, कुठे दोन भोकं इतकी शेजारी शेजारी की वाटतं पहिला खिळा वाकडा गेला म्हणून कोणीतरी वैतागून दुसरा मारला असेल. १९४० पासून जेवढी प्रदर्शनं लागली तेवढ्यांची भोकं तिथे आहेत, कोणी बुजवली नाहीत, कोणी वरून रंग मारला नाही. मी खरं सांगते, त्या दिवशी काय चित्रं लागली होती ते मला आता धड आठवत नाही पण ती भिंत आठवते. मी मूर्खासारखं एका भोकावर बोट ठेवून उभी होते, तिथली एक मुलगी बघून हसली, तिला सवय असणार.

आता ह्या घराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१९३० च्या मंदीत अमेरिकन सरकारने बेकारांना काम द्यायला डब्ल्यूपीए नावाची योजना काढली, आणि त्यात फक्त रस्ते-पूल नाही तर चित्रकारांना पण पगार होता, फेडरल आर्ट प्रोजेक्ट म्हणून. त्याखाली देशभर शंभरच्या वर कम्युनिटी आर्ट सेंटरं निघाली. शिक्षकांचा पगार सरकार देणार, पण एक अट होती, जागा तुमची तुम्ही बघा. बहुतेक ठिकाणी लोकांनी भाड्याने घेतली किंवा कोणीतरी दिली तेवढ्यापुरती. शिकागोच्या ब्लॅक वस्तीत मात्र लोकांनी ठरवलं विकत घ्यायची. मंदीचे दिवस, आणि जमीनमालकांनी आपसात करार करून ठेवलेले की काळ्यांना घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, त्यामुळे सगळी वस्ती एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंबलेली. अशा वेळी हे लोक म्हणाले इमारत घेऊ.

पैसे कसे जमवले? श्रीमंतांकडून थोडे, दरवर्षी एक नाचाचा मोठा कार्यक्रम करायचे त्याच्या तिकिटातून थोडे, आणि एक मोहीम काढली तिचं नाव ‘माइल ऑफ डाइम्स’, मैलभर डाइम. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. मार्गरेट बरोज ही तेव्हा विशीतली पोरगी, ३९ वा रस्ता आणि साउथ पार्कवेच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून डाइम गोळा करायची. मी आपला घरी येऊन हिशोब केला (टेस्टिंगमध्ये नोकरी केली की असली सवय लागते), डाइमचा व्यास १७.९१ मिलिमीटर, एका मैलात साधारण ८९,८५० डाइम बसतात, म्हणजे नऊ हजार डॉलरच्या आत-बाहेर. तेव्हाचे. दहा दहा सेंटांनी. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला गेलेल्या माणसाला ह्यातलं कष्ट लगेच कळेल, दार उघडून ‘साहेब घरी नाहीत’ म्हणणारे तिथेही असतीलच.

डिसेंबर १९४० मध्ये दारं उघडली, आणि ७ मे १९४१ ला रीतसर उद्घाटनाला एलिनॉर रूझवेल्ट आल्या, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी. तळघरात गॉर्डन पार्क्स नावाच्या तरुणाला डार्करूमसाठी जागा मिळाली, बदल्यात तो सेंटरचे फोटो काढून द्यायचा. त्यालाच पुढे फेलोशिप मिळून तो वॉशिंग्टनला गेला आणि १९४२ मध्ये त्याने एका सरकारी ऑफिसात सफाई करणाऱ्या बाईंचा, एला वॉटसन यांचा, झेंड्यासमोर झाडू आणि मॉप घेऊन उभ्या असतानाचा फोटो काढला, तो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. चित्रकार चार्ल्स व्हाइट इथला. आणि इथेच १९४१ मध्ये कवितेचा एक वर्ग चालायचा, तो घ्यायला शहराच्या श्रीमंत भागातून इनेझ कनिंगहॅम स्टार्क नावाच्या एक गोऱ्या बाई यायच्या. त्या वर्गात ग्वेंडोलिन ब्रूक्स बसायच्या, ज्यांना १९५० मध्ये पुलित्झर मिळालं, कुठल्याही कृष्णवर्णीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं पुलित्झर. मला ह्यातली एक बारीक गोष्ट फार आवडते, बाईंनी विद्यार्थ्यांना आपल्या दिवाणखान्यात बोलावलं नाही, त्या स्वतः तिकडे गेल्या. पाहुण्या त्या होत्या. आमच्या लॉबीच्या ईमेलमध्ये नेमकं हेच उलटं होतं.

आणि मग सरकारी पैसा आटला. युद्ध सुरू झालं, १९४३ पर्यंत सगळी योजनाच गुंडाळली. शंभरावर सेंटरांपैकी आज आपल्या मूळ जागेत चालू असलेलं हे एकच, असं सांगतात. इथेही काही आबादीआबाद नव्हतं, हीटिंगचे पैसे नाहीत, छप्पर गळतंय असले दिवस खूप काढले त्यांनी, पण घरमालक येऊन चावी मागू शकत नव्हता कारण घरमालक तेच होते.

ह्याच्या शेजारी हार्लेमची, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्लॅक वस्तीची, गोष्ट ठेवून बघा. न्यूयॉर्कमध्ये १९३७ मध्ये हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर निघालं, पहिल्या डायरेक्टर ऑगस्टा सॅव्हेज, शिल्पकार, जबरदस्त बाई, पुढे मोठा चित्रकार झालेल्या जेकब लॉरेन्ससारख्या पोराला सरकारी योजनेत काम मिळावं म्हणून ऑफिसात घेऊन जाणाऱ्या. शेकडो मुलं-माणसं तिथे फुकट शिकायची. सरकारी पैसा आटला तसं ते बंद. सॅव्हेजबाईंना मध्ये १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी एक मोठं काम मिळालं, त्यांनी सोळा फूट उंचीची एक वीणा केली, म्हणजे हार्प, तिच्या तारांच्या जागी गाणारी ब्लॅक मुलं एका ओळीत उभी, अंगावरच्या झग्यांच्या चुण्या म्हणजे तारा. लाखो लोकांनी बघितली ती. प्लॅस्टरची होती. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती, फेअर संपल्यावर बुलडोझरने फोडली. आठवण म्हणून विकलेल्या छोट्या प्रतिकृती राहिल्या तेवढ्याच. आणि दुःख म्हणजे फेअरचं काम संपवून परत आल्यावर सेंटरमधली त्यांची जागा पण भरलेली होती.

हे मी बाबांना फोनवर सांगत होते, अगदी पोटतिडकीने, आणि बाबा शांतपणे म्हणाले, ‘फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी कोणाला अर्पण केलीये माहीत आहे ना?’ माहीत होतं, पण विसरले होते. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ‘आणि पँथर हे नाव १९७२ मध्ये आपल्या पोरांनी कुठून घेतलं?’ मी म्हटलं बाबा हो, इथल्या ब्लॅक पँथरवरून, ‘मग ह्यात तू मला नवीन काय सांगितलंस’, असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. असो.

पण नवीन होतं, मला तरी. माझ्या डोक्यात ‘इन्क्लुजन’ म्हणजे बोलावणं होतं. आमच्याकडे या, आमच्या भिंतीवर या, आम्ही जागा करतो. आणि मोठ्या म्युझियमांच्या डोक्यात पण बराच काळ तेच होतं, तेही नीट जमलं नव्हतं ही वेगळी गोष्ट. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने जानेवारी १९६९ मध्ये हार्लेमवर एक भलंमोठं प्रदर्शन भरवलं, हार्लेम ही ब्लॅक अमेरिकेची सांस्कृतिक राजधानी असं सांगणारं, आणि त्यात हार्लेमच्या चित्रकारांचं एकही पेंटिंग नाही, एकही शिल्प नाही! फोटो, स्लाइडी, आवाज. चित्रकार तिथेच राहतात, जिवंत आहेत, काम करतायत, आणि त्यांच्या वस्तीचं प्रदर्शन त्यांच्याशिवाय. रोमेअर बेअर्डन, नॉर्मन लुईस, बेनी अँड्र्यूज ही चित्रकार मंडळी पाट्या घेऊन म्युझियमच्या पायऱ्यांसमोर फेऱ्या मारत होती. त्याच मेटने २०२४ मध्ये हार्लेम रेनेसाँसवर, म्हणजे १९२० च्या सुमाराला तिथे कला-साहित्याला आलेल्या बहरावर, प्रदर्शन केलं, ह्या वेळी १६० च्या आसपास कलाकृती, पेंटिंग, शिल्पं सगळं. चांगलं झालं. पण त्यातली कितीतरी चित्रं मेटला बाहेरून आणावी लागली, आणि ती कुठून आली तर हॉवर्ड, फिस्क, हॅम्प्टन, क्लार्क अटलांटा, म्हणजे ब्लॅक विद्यापीठांकडून. ज्यांनी जपून ठेवली होती त्यांच्याकडून. मोठ्या म्युझियमांना जेव्हा ती घ्यायची नव्हती तेव्हा ह्यांच्या भिंतींवर खिळे होते.

आणि अजूनही आकडे काय फार भारी नाहीत. २०२२ च्या एका पाहणीत ३१ अमेरिकन म्युझियमांचा हिशोब मांडला होता, २००८ ते २०२० ह्या काळात त्यांनी जे काही नवीन घेतलं त्यातलं ब्लॅक अमेरिकन कलाकारांचं काम २.२ टक्के, प्रदर्शनांमध्ये ६.३ टक्के. लोकसंख्येत हे लोक साधारण १३ टक्के आहेत. आणि ह्याच वर्षांमध्ये सगळीकडे समावेशकतेची भाषणं चालू होती हे विसरू नका, मी स्वतः एक-दोन ऐकलीत, कपकेक खाता खाता.

म्हणून मग मला ज्या गोष्टी टिकल्या त्या बघायचा नादच लागला. हार्लेममधलंच स्टुडिओ म्युझियम घ्या. १९६८ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवर एका दारूच्या दुकानाच्या वर भाड्याने घेतलेल्या माडीत सुरू झालं. नावात स्टुडिओ आहे कारण विल्यम टी. विल्यम्स ह्या चित्रकाराने पहिल्यापासून आग्रह धरला की इथे नुसती चित्रं टांगायची नाहीत, कलाकारांना काम करायला खोल्या द्यायच्या, त्याच इमारतीत, वर्षभर, पैसे देऊन. पुढे एका बँकेने त्यांना १२५ व्या रस्त्यावरची एक इमारत दिली, १९८२ मध्ये ते तिथे गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच जागेवर त्यांची स्वतःसाठी बांधलेली नवी इमारत उघडली. मधल्या काळात तिथल्या खोल्यांत काम करून गेलेल्या कलाकारांची नावं वाचा, डेव्हिड हॅमन्स, केरी जेम्स मार्शल, मिकालीन थॉमस, न्जिडेका अकुन्यिली क्रॉसबी. केहिंडे वायली तिथे असताना त्याला हार्लेमच्या रस्त्यावर एक चुरगळलेला कागद सापडला, पोलिसांच्या रेकॉर्डमधला एका तरुण ब्लॅक मुलाचा फोटो, आणि तो कागद बघून त्याच्या डोक्यात आलं की चेहरा असाही काढतात आणि राजे-महाराजांचाही काढतात, मग ह्या मुलांना मी तसं का काढू नये. ओबामांचं ते पानाफुलांमधलं पोर्ट्रेट त्याचंच, २०१८ चं. आता हा कागद मॅनहॅटनच्या दुसऱ्या टोकाला स्टुडिओ असता तर सापडला असता का, मला नाही वाटत. रस्त्यावर उतरून दूध आणायला जाताना सापडतात असल्या गोष्टी.

ह्यूस्टनला आमची मावसबहीण राहते, तिच्याकडे गेलो तेव्हा मी सगळ्यांना जबरदस्तीने थर्ड वॉर्डमध्ये प्रोजेक्ट रो हाउसेस बघायला नेलं. नवरा म्हणाला नासा राहिलंय. नासा नंतर बघितलं. तर तिथे रस्त्याला लागून एकसारखी छोटी पांढरी लाकडी घरं आहेत, शॉटगन हाउस म्हणतात त्यांना, तीन खोल्या एकामागे एक, मधे पॅसेज नाही, पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत. पुढून बंदूक झाडली तर गोळी मागच्या दारातून बाहेर जाईल म्हणून ते नाव, असं सांगतात. पुढे छोटासा ओटा. मला तर कोकणातल्या पडवीची आठवण आली, दोन माणसं बसली की भरली. ही घरं १९९३ मध्ये मोडकळीला आलेली, दारं-खिडक्या फळ्या मारून बंद. रिक लोव आणि आणखी सहा ब्लॅक कलाकारांनी अशी बावीस घरं ताब्यात घेऊन दुरुस्त केली, वस्तीतले लोक, चर्चवाले, म्युझियमचे कर्मचारी सगळे सुट्टीच्या दिवशी येऊन रंग मारायचे.

त्याच्या आधीची गोष्ट लोवने अनेकदा सांगितलीये. १९९० च्या सुमाराला त्याच्या स्टुडिओत हायस्कूलची मुलं आली होती, आणि एक मुलगा त्याला म्हणाला की तुम्ही चित्रात जे दाखवताय ते आमच्याकडे काय चाललंय तेच आहे, ते आम्हाला माहितीच आहे, तुम्ही कलाकार आहात ना, मग काहीतरी उपाय का नाही बनवत. झालं, पोरगा बोलून गेला आणि हा माणूस झोप उडाल्यासारखा. मला त्या पोराचं फार कौतुक वाटतं, आमच्या कमिटीत तसा एक जरी असता तरी!

तिथे काय करतात तर काही घरं कलाकारांना देतात, एकेका फेरीला एकेक घर, आणि त्या घरात कलाकाराने काहीही करावं, भिंती रंगवा, आतून सगळं काळं करा, छतापासून काय टांगायचं ते टांगा. आम्ही गेलो तेव्हा एका घरात शिरलो तर आत नुसते जुने रेडिओ आणि कोणाच्या तरी आजीचा आवाज, माझा मुलगा वीस मिनिटं बाहेर आला नाही. आणि मागच्या रांगेतली काही घरं कलेसाठी नाहीतच, ती शिकत असलेल्या एकट्या तरुण आयांना राहायला, मुलांसकट. एकाच अंगणात. म्हणजे इकडे प्रदर्शन बघायला आलेले आमच्यासारखे पाहुणे आणि तिकडे कोणीतरी पोराला ओरडतंय की बूट घाल, बस येईल. मला आधी वाटलं आपण कोणाच्या घरात घुसतोय, ओशाळल्यासारखं झालं. मग वाटलं की बरोबरच आहे, ओशाळायलाच पाहिजे थोडं, हे त्यांचं घर आहे. लोवला २०१४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली ह्या कामासाठी. डाउनटाउन अगदी जवळ असल्याने आजूबाजूला उंच उंच नवी घरं येतायत, जुनी माणसं परवडत नाही म्हणून निघून जातायत, तेव्हा ही सगळी रांग त्यांच्या मालकीची आहे म्हणून उभी तरी आहे.

भिंत आपली नसली की काय होतं त्याचं उदाहरण परत शिकागोतलंच. १९६७ च्या उन्हाळ्यात ४३ वा रस्ता आणि लँगली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एका पडक्या इमारतीवर काही कलाकारांनी मिळून ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली, मोहम्मद अली, माल्कम एक्स, जॅझवाला कोल्ट्रेन, ग्वेंडोलिन ब्रूक्स, असे पन्नासेक लोक. शहराची परवानगी नाही, स्पॉन्सर नाही, वस्तीतली माणसं रंगाचे डबे राखत बसायची. लोक खुर्च्या टाकून बघायला बसायचे. भांडणंही झाली, एका कलाकाराने केलेला भाग त्यांच्यातल्याच लोकांनी पांढरा फासून परत रंगवला, ते मी लपवत नाही, चार कलाकार आले की भांडण आलंच. ह्या एका भिंतीनंतर देशभर वस्त्यावस्त्यांमध्ये भित्तिचित्रांची लाट आली. पण इमारत त्यांची नव्हती. १९७१ मध्ये आग लागली आणि नंतर ती पाडली. आता फोटोच बघायचे.

हे सगळं वाचत-बघत असताना इकडे आमच्या कमिटीचं काय झालं ते सांगते. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड ह्या ब्लॅक माणसाच्या पोलिसाने केलेल्या खुनानंतर एकदम पैसा आला होता, नवीन पदं, नवीन वर्कशॉपं, लॉबीत एक भला मोठा स्क्रीन. मग हळूहळू ईमेलं कमी झाली. मग कमिटीचं नाव बदललं. मग नाव पण गेलं, कोणी सांगितलं नाही, कॅलेंडरवरून मीटिंग नुसती गायब. आणि बाहेर तर मे २०२५ मध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी एनईए, म्हणजे सरकारी कला अनुदान देणारी संस्था, तिच्याकडून देशभरातल्या शेकडो छोट्या-मोठ्या संस्थांना ईमेल गेलं की मंजूर झालेलं तुमचं अनुदान रद्द. त्याच्या आधीच दुर्लक्षित वस्त्यांसाठीची त्यांची एक खास योजना बंद केली होती. १९४३ सारखंच. मी बातमी वाचताना पहिला विचार काय आला असेल तर ह्यातल्या किती जणांची जागा स्वतःची आहे.

बरं आता त्या बाई. मी भिंती बघून आल्यावर त्यांना लिहिलं होतं. काय लिहावं कळत नव्हतं, शेवटी माफी मागितली आणि लिहिलं भोकं बघितली. त्यांचं उत्तर एका शब्दाचं, ‘गुड’. मग काही महिन्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका छोट्या गॅलरीत चार जणींचं प्रदर्शन होतं, त्यांनी विचारलं शनिवारी चित्रं लावायला हात हवेत, येतेस का. मी गेले. मला वाटलं होतं मला काहीतरी कलात्मक वगैरे काम देतील. मला पाणसळ धरायला दिली. तीन तास मी त्या बुडबुड्याकडे बघत होते आणि बाई लांब उभं राहून डावीकडे, नाही, उजवीकडे, परत डावीकडे, असं सांगत होत्या, आणि खिळा ठोकायची वेळ आली की हातोडी मात्र स्वतःच्या हातात घ्यायच्या. त्यांच्या नखांत शाई असते, ती जातच नाही म्हणे. मधल्या सुट्टीत मी विचारलं की आमच्या ऑफिसने तेव्हा फी दिली असती, विमा दिला असता, तर आला असतात का? म्हणाल्या, आले असते की, कामाचे पैसे मिळाले तर मी कुठेही जाते, पण ते काम झालं असतं, हे घर आहे. आणि मग परत म्हणाल्या, उजवीकडे.

संध्याकाळी मी एक छोटं छापचित्र घेतलं, बस स्टॉपच्या मालिकेतलंच, खाली पेन्सिलने लिहिलेलं ७/२०, म्हणजे वीस छापांतला सातवा. किंमत १२० डॉलर. मला मनातल्या मनात वाटत होतं की तीन तास पाणसळ धरली तर दोन-चार डॉलर कमी करतील. त्यांनी चष्मा लावला, पावती पुस्तक काढलं, टॅक्स लावला आणि १३२ डॉलर ३० सेंट घेतले. ते ३० सेंट माझ्याकडे सुटे नव्हते, पर्समध्ये तळाशी दोन डाइम सापडले, तिसरा नवऱ्याने गाडीतून शोधून आणला.

चित्र आता घरी हॉलमध्ये आहे. ह्या घराचे हप्ते अजून बावीस वर्षं चालू आहेत पण खिळा मी ठोकला.